बुडाशी उमटलेली बोटं

तुमच्या घरात चिनी मातीची बरणी असेल, तर तिचं बूड तुम्ही कधी पाहिलंय का? घासताना नव्हे. उलटी करून, खिडकीपाशी उजेडात नेऊन, बोट फिरवून?

मी पाहिलंय, असं मी छातीठोकपणे सांगत होते. माझ्या भूगावच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये अकरा जुन्या बरण्या आहेत. खाली पांढरट आणि खांद्यापासून वर तपकिरी, अशा दोन रंगांच्या. काही लोणच्यासाठी केलेल्या, काही मिठासाठी. मी त्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्याकडून, मोडणाऱ्या घरांतून एकेक करून आणल्या आहेत. खरी कुठली आणि नवी करून जुनी म्हणून विकलेली कुठली, हे मी हात लावून सांगते, अशी ऑफिसात माझी ख्याती होती. आणि या ज्ञानाच्या जोरावर मी एका बाईचं काम जवळजवळ बुडवलं. ती गोष्ट मला सांगायची आहे.

या वेडाची सुरुवात माझ्या घरच्या खारीच्या बरणीपासून झाली. आमचं घर मालेजवळ, पौडवरून मुळशीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. आमच्याकडे पावसाळा चार महिने भिंतीतून आत येतो. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाणी सोडतं, पापड कापडासारखे होतात. त्या दिवसांत पाहुण्याला कुरकुरीत खारी देता येणं म्हणजे मोठीच गोष्ट. ती आमच्या घरी जमायची, कारण आजोबांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक दणकट बरणी आणली होती, आणि तिचं झाकण असं बसायचं की आत ओल शिरायची नाही.

बाबा पत्रकं काढत. पाण्याचं पत्रक, रस्त्याचं पत्रक, मजुरीचं पत्रक, विहाराच्या जागेचं पत्रक. मी अक्षरं त्यांवर शिकले आणि गणितं त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोडवली. पत्रक निघालं की माणसं जमत. चहा होई, मग बरणी पुढं येई. बाबांची रीत अशी की बरणी ताटलीत ओतायची नाही, पाहुण्याच्या पुढं धरायची. त्यानं आपला हात आत घालून घ्यायचं. कोण हात घालतो आणि कोण ‘आत्ताच खाऊन आलोय’ म्हणतो, हे बाबा बघत. बोलत काही नसत. फार लहानपणी मला ते कळलं नाही. जरा मोठेपणी नीट कळलं.

घर बदलताना त्या बरणीचं झाकण फुटलं. तेव्हापासून आई तिच्यावर स्टीलची ताटली आणि ताटलीवर बत्ता ठेवते. खारी दुसऱ्या दिवशी सादळते.

नोकरीसाठी मी भूगावला राहायला आले तेव्हा दिसलं की आमच्या बरणीला इकडं वेगळंच नाव आणि वेगळाच मान आहे. बंगल्यांच्या स्वयंपाकघरांत, ओट्याच्या कोपऱ्यात, एकतरी ‘कुकी जार’. आमच्या रस्त्यावर शोभेच्या वस्तूंचं एक दुकान आहे, त्यात तर सुतळीनं गळा बांधलेल्या बरण्यांची रांगच होती. पाटी होती : शंभर वर्षं जुन्या, अस्सल.

मी पहिलीच उचलली आणि मला हसू आलं. तोंडाची कड सगळीकडून सारखी झिजलेली. अहो, माणूस बरणी एका बाजूनं उघडतो, चमचा एका बाजूला आपटतो, कड कुठंतरी जास्त झिजते आणि कुठंतरी कमी. ही कानसेनं घासलेली होती. वरच्या काचेसारख्या झिलईच्या बारीक भेगांत तपकिरी डाग होते, त्यांना चहाच्या पाण्याचा वास येत होता. हसू आलं आणि मग राग आला. मला राग फार चटकन येतो.

माझी शेजारीण यवतमाळची, आयटीत काम करते. तिनं याच दुकानातून एक बरणी घेतली होती. मी तिला सगळं दाखवलं, कड, डाग, वास.

ती म्हणाली, “अगं पण बिस्किटं तर तुझ्या बरणीत आणि माझ्या बरणीत सारखीच लागतात ना?”

“प्रश्न बिस्किटांचा नाहीये. खोटं बोलून विकतायत.”

“मग खोट्यावर चिड ना. माझ्या बरणीवर कशाला डोळे काढतेस?”

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचं झालं नसतं. पण मी रात्र संपायच्या आत पत्रक लिहून काढलं होतं. ‘बरणी घेताय? फसू नका!’ खाली पाच मुद्दे. कड कशी पाहावी, डाग कसे ओळखावेत, वास कसा घ्यावा. आणि चौथा मुद्दा, जो मी मोठ्या अभिमानानं लिहिला होता : बुडाजवळ झिलईत बोटांचे पुसट डाग दिसले, तर ते आजच्या घाईच्या, निष्काळजी कामाचं लक्षण समजा. अशी बरणी नकली. ताबडतोब परत करा.

असे डाग मी त्या दुकानातल्या बरण्यांवर पाहिले होते. माझ्या संग्रहातल्या बरण्यांवर ते आहेत का, हे मी तपासलं नाही. मी त्यांचे शिक्के तपासले होते. बुडावर कारखान्याचा शिक्का दिसला की माझं समाधान व्हायचं.

पत्रकाखाली मी लिहिलं, ‘एक जागरूक ग्राहक’. दुकानदार आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि मी तिथं भाडेकरू. एवढंच कारण. मी ते स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

पेपरवाल्याच्या गठ्ठ्यांतून पत्रक घरोघर गेलं, मग त्याचे फोटो मोबाईलवर फिरले. लोक खरंच बरण्या उलट्या करू लागले. आठ-दहा दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, मी दुकानात गेले. उदबत्तीचं घर बघायच्या निमित्तानं, पण खरं म्हणजे बरण्यांची रांग किती कमी झाली ते बघायला.

रांग नव्हतीच. काउंटरपुढं एक बाई उभी होती. पन्नाशीची, हाताच्या कातडीला पांढरट भेगा, पायाशी प्लॅस्टिकचे दोन क्रेट. क्रेटमध्ये पेंढा आणि पेंढ्यात बरण्या.

ती म्हणत होती, “दादा, तुमीच सांगितलं व्हतं ना, चाळीस करा म्हनून? करून बसलीय मी. भट्टीतनं काडल्या काल.”

दुकानदार मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, “मावशी, लोक परत आणून टाकतायत. मी काय करू? तो कागद वाचला नाही का तुम्ही?”

“वाचला की. चौथीपत्तुर शिकलीय मी.” तिनं कमरेची पिशवी उघडून घडी घातलेला कागद काढला. माझा कागद. “बोटांचं डाग दिसलं तर नकली, आसं लिवलंय. बोटानं धरल्याबिगर बरनी बुडवायची कशी, त्ये बी लिवायचं व्हतं. ह्यो जागरूक ग्राहक हाय तरी कोन? भेटला का कुनाला?”

दुकानदार हसला. “असल्या लोकांना नाव नसतं, मावशी.”

मी उदबत्तीचं घर हातात धरून उभी होते. दोन पावलं पुढं जाऊन ‘मी’ म्हणायचं होतं. एक अक्षर. ते मला म्हणता आलं नाही. मी एवढंच केलं की तिचा एक क्रेट उचलून बाहेर टेम्पोपर्यंत नेला. दुकानदारानं आधी घेतलेल्या बरण्याही तिला परत केल्या होत्या. टेम्पोपाशी मी तिला म्हटलं की आमच्या घरी एका जुन्या बरणीचं झाकण फुटलंय, करून मिळेल का.

“आन की. नेऱ्याला ये. मारुंजीकडनं आलीस की मोट्ट्या टॉवरच्या मागं भट्टीचं पत्रं दिसत्यात. कुनाला बी इचार.”

दुसऱ्या दिवशी बरणी आणायला घरी गेले. बाबा ओसरीत बसले होते. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. कुणाच्या तरी मोबाईलवरून ते पौडपर्यंत पोचलं होतं आणि तिथून कुणीतरी त्याची प्रत काढून दिली होती.

“तुजं हाय ना?”

“कशावरून?”

“उद्गारचिन्हं माजीच हायेत की.” ते हसले. मग पत्रक त्यांनी वरून वाचलं नाही. नेहमीसारखं खालून धरलं. त्यांची सवयच ती. कुणाचंही पत्रक आलं तरी आधी तळाची ओळ बघायची, लिहिणारा कोण आणि छापणारा कोण. “खाली नाव कुटंय?”

“एक जागरूक ग्राहक.”

“म्हंजे कोन?”

मी चपलेचा पट्टा सोडू लागले.

“आमी मामलेदाराच्या विरोदात पत्रकं काडली,” बाबा म्हणाले, “दारात पोलीस आलं, तरी तळाला नाव व्हतं. ज्याच्या विरोदात लिवायचं, त्याला उत्तर द्यायला आपल्या घरचा पत्ता लागतोय. नायतर त्ये पत्रक न्हाई. दगड मारून पळनं हाय.”

आईनं आतून बरणी आणून दिली. “झाकण बसवून आण बाई एकदाचं. बत्ता उचलून उचलून हात गेला माझा.”

नेऱ्याची शेतं आता अर्धी शेतं राहिली आहेत. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला वीस मजले. त्या मजल्यांच्या सावलीत पत्र्याची शेड होती. दारात चाळीस बरण्या फळ्यांवर ओळीनं उभ्या, झाकणासकट. आत बाईंचे यजमान विजेच्या चाकावर बसले होते. बाई आणि ते, दोघंच. पूर्वी दोघंही चिनी मातीच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना बंद पडला, तेव्हा दोघांनी आपल्या जमिनीच्या तुकड्यात ही भट्टी घातली.

मी बरणी मांडीवर घेऊन बसले. यजमानांनी दोन काटक्या तोंडाला लावून माप घेतलं आणि मातीचा गोळा चाकावर ठेवला. झाकण उठू लागलं. माझ्या लक्षात आलं की ते मोठं होतंय. बरंच मोठं.

“मामा, हे बसणार नाही,” मी म्हटलं.

त्यांनी चाक थांबवलं नाही. बाईच म्हणाली, “भट्टीत माती आटती, ताय. सुकताना आटती, भाजताना परत आटती. किती आटनार त्ये ह्यांच्या डोळ्यात हाय. आज केलेलं झाकान आज बसलं, तर त्ये कंदीच बसनार न्हाई.”

मी त्या ओल्या, मोठ्या झाकणाकडं बघत राहिले. अकरा बरण्यांची मालकीण मी, आणि प्रत्येक बरणी कधीतरी याहून मोठी होती, हे मला माहीत नव्हतं.

मग बाई उठली. “मी बुडवाय घेते. बसायचं तर बस.”

त्यांच्यात बाया चाकावर बसत नाहीत. मातीला आकार देणं पुरुषाचं, आणि त्यानंतरचं सगळं, म्हणजे सुकवणं, झिलई देणं, भट्टी भरणं, बाईचं. शेडच्या मागच्या बाजूला दोन टाक्या होत्या, एकीत दुधासारखी झिलई आणि दुसरीत गुळाच्या पाकासारखी. फळीवर एकदा भाजलेल्या, कोरड्या बरण्या होत्या. त्यांतली एक तिनं घेतली, बुडाला धरून उलटी केली आणि पांढऱ्या टाकीत सोडली. श्वास घ्यावा तेवढा वेळ. बाहेर काढताना मनगट असं फिरवलं की झिलई एका थेंबानं निथळली. ती जरा सुकल्यावर तीच बरणी पुन्हा बुडाला धरून उलटी, आणि तपकिरी टाकीत फक्त खांद्यापर्यंत. तिथं कुठलीही रेघ आखलेली नव्हती. कुठलंही माप नव्हतं. वर आली तेव्हा दोन रंगांची सीमा सगळीकडून सरळ होती. मी त्या सीमेकडे किती वर्षं पाहत आले होते. ती यंत्रानं येते असं मी गृहीत धरलं होतं. यंत्रानं येते की हातानं, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

दुसरी बरणी. तिसरी. प्रत्येक वेळी तेच मनगट, तोच श्वास, तीच रेघ. बाहेर कुठंतरी सिमेंटचा मिक्सर फिरत होता.

तिनं बरणी फळीवर ठेवली तेव्हा बुडाजवळ पाच जागा दिसल्या. एका बाजूला चार, समोर एक. जिथं तिची बोटं होती तिथं झिलई लागलीच नव्हती. तिनं कुंचल्यानं त्या बुजवल्या, तरी पुसट राहिल्याच.

“राहत्यातच त्या,” ती म्हणाली. “कारखान्यात तर बुजवाय बी टाइम नसायचा. आता कागदात आलंय, बोटं दिसली की नकली.” तिनं खांबाकडं बोट दाखवलं. खिळ्याला माझं पत्रक टोचलेलं होतं. “ठेवलाय जपून. भेटला त्यो मानूस, तर इचारनार हाय.”

“काय विचारणार?”

“माज्या बोटांनी तुजं काय वाकडं केलं, म्हनून.”

या वेळी मी थांबले नाही. थांबले असते, तर पुन्हा कधीच बोलले नसते. “मावशी, तो कागद मी लिहिलाय. मीच आहे ती.”

चाक थांबलं. बाईनं माझ्याकडं पाहिलं, मग हात बादलीत धुतले, पदराला पुसले. मला वाटलं, आता ही मला हाकलणार. ती म्हणाली, “आन हिकडं ती बरनी.”

मी आजोबांची बरणी तिच्या हातात दिली. तिनं शिक्का पाहिलाच नाही. बरणी उलटी केली, दारातल्या उजेडात गेली आणि बुडाच्या कडेनं अंगठा फिरवू लागली. एका जागी अंगठा थांबला. मग दुसऱ्या. तिनं आपली उजवी बोटं त्या जागांवर ठेवून पाहिली. बसेनात. करंगळी भलतीकडं जात होती. तिनं बरणी डाव्या हातात घेतली. पाचही बोटं आपापल्या जागी गेली.

“अवो, हिकडं या,” तिनं नवऱ्याला हाक मारली. तिचा आवाज बदलला होता. “डावरं व्हतं बघा. डावरं मानूस व्हतं बुडवायला.”

ते चिखलाच्या हातानं धावत आले. दोघं त्या बुडाकडं असे बघत होते, जसं पाळण्यातल्या मुलाकडं बघतात. “आन बारीक बोटं,” ती म्हणाली. “बाय आसंल. नायतर कोवळं पोरगं आसंल. ठेव तुजी.”

मी माझा डावा हात ठेवला. चार खळगे आणि समोर एक. खडबडीत, गार. माझी बोटं त्यांत बसली. माझं मधलं बोट जरासं लांब पडलं, एवढाच फरक.

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. लहानपणापासून मी त्या बरणीत हात घालत आले. आमच्याकडं आलेल्या प्रत्येक माणसानं हात घातला किंवा मुद्दाम घातला नाही. आणि त्या सगळ्या हातांच्या आधी, कुठल्याशा कारखान्यात, एका डावऱ्या माणसानं ती बुडाला धरून पाण्यासारख्या मातीत बुडवली होती, एक श्वास थांबून बाहेर काढली होती आणि पुढची उचलली होती. त्याचं किंवा तिचं नाव कुणी कुठं लिहिलं नाही. शिक्का कारखान्याचा होता. मी आयुष्यभर शिक्का वाचला, आणि माणूस त्याच्या दोन बोटं शेजारी होता.

“आता सांग,” बाई म्हणाली. “तुज्या कागदापरमानं ही बी नकलीच की.”

“चुकलं माझं, मावशी.”

“चुकलं त्ये दिसतंयच. म्होरं काय?”

मग मी तिला दुकानातलं सगळं सांगितलं. चहाचं पाणी, शंभर वर्षांची पाटी आणि कानसेनं घासलेली कड. पाटीचं तिला माहीत होतं. ती म्हणाली, तो जुन्यासारखी करा म्हणतो, आम्ही करतो, तेवढं जमतं म्हणूनच तर करतो. पण कानसेचं तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं.

“माज्या बरन्यांच्या कडा घासतोय त्यो? ह्ये दिवसभर कडा वळत्यात, आन त्यो घासतोय?” ती फळीपाशी गेली, दुकानातून परत आलेली एक बरणी काढली आणि तिच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली असणार.

“मावशी, तुम्ही तुमचं नाव घाला बुडावर,” मी म्हटलं. “तुमच्या म्हणूनच विका.”

“नाव घातलं की जुनी म्हनून खपनार न्हाई. मंग घेनार कोन? नेऱ्याच्या बाईची बरनी कुनाला पायजे?” ती वैतागून म्हणाली. “ह्या चाळीस हितंच ऱ्हायल्या, तर म्होरची माती कुटनं आनू? भट्टी थंड पडली की संपलं.”

हे खरं होतं. लोकांना जुनेपणा हवा होता, तिचा हात नको होता. आणि जुनेपणाचं खोटं मी उघडं पाडल्यावर तिच्यासाठी उरलं काय, याचा विचार पाच मुद्द्यांत कुठंच नव्हता. मी म्हटलं, “मी दुसरं पत्रक काढते. नावासकट.”

“काड. पर आदी मला वाचून दाकव.”

तीन आठवड्यांनी झाकण आणायला गेले. ते बरणीवर ठेवलं आणि हात सोडला, तर ते स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली गेलं आणि बसलं. आतली हवा कडेनं निघून गेल्याचा बारीक आवाज झाला. ते ओलं, भलंमोठं झाकण हेच, यावर विश्वास बसेना. फक्त रंग बरणीपेक्षा एक छटा उजळ होता.

“जुन्या रंगाला रंग लावता येतोय मला,” बाई म्हणाली. “मुद्दाम न्हाई लावला. बरनी त्या डावऱ्याची, झाकान आमचं. दिसू दे की येगळं.”

मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला, भाजण्याआधी खिळ्यानं कोरलेलं तिचं नाव होतं. चौथीच्या वळणदार अक्षरात.

यजमान चाकावरून म्हणाले, “माजं न्हाई घातलं तिनं.”

“तुमचं तर आख्खं झाकानच हाय की,” ती म्हणाली. “नाव तेवढं माजं ऱ्हाऊ द्या.”

पावसाळ्यात मी घरी गेले तेव्हा बाबांनी बरणी माझ्यापुढं धरली. आठवडाभरापूर्वी भरलेली खारी होती. मी चावली आणि आईनं आतून विचारलं, “वाजली का?” वाजली होती.

चौथा मुद्दा मागं घेणारं दुसरं पत्रक मी बाईला वाचून दाखवलं, तिनं दोन वाक्यं खोडायला लावली, आणि ते माझ्या नावानं आणि पत्त्यानं निघालं. कमिटीवरच्या दुकानदारानं मला लिफ्टमध्ये ओळख दाखवणं सोडलं. त्याच्याकडं आता दुसरीकडून माल येतो आणि पाटी तीच आहे. शेजारणीनं स्वतःची बरणी घासून चहाचा डाग काढला आणि नेऱ्याहून आणखी एक आणली. चाळीसांपैकी काही गेल्या. बऱ्याच अजून फळीवर आहेत. भट्टी चालू आहे, पण पूर्वी आठवड्याला पेटायची, आता तशी पेटत नाही.

तिचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तिनं स्वतःच्या हातानं जिथं लिहिलंय, तिथं वाचायचं आहे.

म्हणून माझं एवढं ऐका. पहिलं पत्रक अजून तुमच्याकडं असेल, तर पेन घ्या आणि चौथा मुद्दा खोडा. मग स्वयंपाकघरातली बरणी रिकामी करा, उजेडात न्या आणि बुडाशी बोटं सापडतात का बघा. सापडली, तर आपली ठेवून पाहा, आधी उजवी, मग डावी. आणि पुढच्या वेळी दुकानात कुणी तुमच्यापुढं बरणी धरून ‘शंभर वर्षं जुनी आहे’ म्हणाला, तर किती जुनी ते विचारू नका. ‘ही कुणी केली?’ एवढंच विचारा. नाव कळेपर्यंत विचारत राहा.